बाण ताठ, नेम वाकडा



मागच्या वेळी मोबाईलच्या बॅटरीवर लिहिलं तेव्हा दोन काकूंचे फोन आले, "तुझं यंत्रपुराण पुरे, आता काहीतरी घरातलं लिही." म्हणून या वेळी घरातलंच लिहितो. आमच्या घरात चौदा बाण आहेत. आठ भाचीच्या खोलीत, दाराच्या मागे. सहा माळ्यावर, जुन्या कॅलेंडरात गुंडाळलेले. ही त्या सहांची गोष्ट आहे, आणि त्यात खलनायक मीच आहे हे आधीच सांगून टाकतो.

सुरुवात झाली ऑगस्ट २०२३ मध्ये. बर्लिनला तिरंदाजीची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा होती. साताऱ्याची अदिती स्वामी सतराव्या वर्षी कंपाउंड प्रकारात वैयक्तिक जगज्जेती झाली आणि त्याच दिवशी नागपूरच्या ओजस देवतळेने अंतिम सामन्यात दीडशेपैकी दीडशे गुण मिळवून पुरुषांचं सुवर्ण घेतलं. दोघंही साताऱ्याला प्रवीण सावंत सरांकडे शिकलेली. आमच्याकडे टीव्हीसमोर पोह्यांची ताटली हातात धरून बसलेल्या माझ्या भाचीने तिथेच जाहीर केलं, "मामा, मला हे करायचंय." ताई म्हणाली, कथ्थक सोडलं, पोहणं सोडलं, हेही आठ दिवस टिकेल. ते टिकलं. पहिलं वर्ष क्लबच्या सामायिक धनुष्यावर गेलं. मग तिला स्वतःचं रिकर्व्ह धनुष्य मिळालं, म्हणजे टोकं पुढे वळलेलं, बोटांनी दोरी ओढायचं, ऑलिंपिकमध्ये दिसतं ते. (कंपाउंडला चाकं असतात आणि दोरी खटक्याने सोडतात. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये कंपाउंडची मिश्र स्पर्धाही येणार आहे.)

दोन दिवाळ्यांपूर्वी मामाच्या नात्याने मी तिला बाण भेट दिले. सहा कार्बनचे, काळे, चकचकीत. कसे निवडले? आपण चार्जर निवडतो तसे. ऑनलाइन गेलो, जास्त तारे असलेले बघितले, त्यातले जरा महागातले घेतले. दांडीवर ५०० असा आकडा होता. मला वाटलं, मॉडेलचा नंबर असेल. दिवसभर दुसऱ्यांना "आधी डॉक्युमेंटेशन वाचा" असं सांगणारा माणूस मी.

त्यानंतरचे पाच-सहा महिने पोरीचे वाईट गेले. बाण डावीकडे जायला लागले. एखादा नाही, सगळेच, आणि तेही विखरून. सरांनी सांगितलं तू दोरी सोडताना बोटं झटकतेस. तिने बोटांवर काम केलं. मग सांगितलं पकड पिळतेस. तिने मनगटावर काम केलं. नेम धरायची पिन असते ती डावीकडे सरकवत नेली (बाण जिकडे जातो तिकडेच पिन न्यायची असते), इतकी की स्क्रूचा आटा संपला. सरांना दोष देत नाही. एका मैदानावर चाळीस मुलं आणि एक माणूस. चाळीसातल्या पस्तिसांची चूक बोटांचीच असते, त्यामुळे छत्तिसावीचीही तीच वाटणार. पण चूक नसलेला हात दुरुस्त करत राहिलं की तो खरंच बिघडतो. ती दोरी सोडताना डोळे मिटायला लागली होती. जिल्ह्याच्या निवडीत मागे पडली तेव्हा ताईने मला बाजूला घेऊन सांगितलं, "पुढच्या वर्षी दहावी आहे. तिला तू समजाव, तुझं ऐकते. आता बास."

समजवायलाच मी त्या रविवारी मैदानावर गेलो होतो. तिच्या मागे प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलो. आजूबाजूच्या मुलांचे बाण सुटताना फक्त दोरीचा आवाज येत होता. तिच्या प्रत्येक बाणाला त्या आवाजात एक बारीक "टक्" मिसळत होता. धनुष्य हातात घेऊन बघितलं तर बाण टेकतो त्याच्या जरा पुढे, मधल्या मुठीच्या रंगावर ओरखडे होते. बाण जाता जाता धनुष्याला घासून जात होता. बग लॉगमध्ये पहिल्या दिवसापासून होता, कोणी लॉग उघडला नव्हता.

आता जरा शास्त्र. कंटाळू नका, यात गंमत आहे.

आपल्याला वाटतं बाण म्हणजे सरळ काठी, सुटली की सरळ गेली. तसं होत नाही. बोटांनी दोरी सोडताना ती बोटांवरून घरंगळते आणि थोडी बाजूला सरकते. मागून ढकलली जाणारी लांब, बारीक काठी जोर आल्यावर वाकते. पट्टी टेबलावर उभी धरून वरून दाबा, मधे फुगते ना, तसंच. बाण एका बाजूला वाकतो, मग उलट वाकतो, आणि असा मासळीसारखा सुळसुळत धनुष्याला वळसा घालून पुढे जातो. पुढे गेल्यावर थरथर कमी होत जाते. जुन्या धनुष्यांत तर हे जास्तच, कारण त्यांना मधे बाणासाठी खाच कापलेली नसते. बाण काठीच्या बाजूला तिरका टेकलेला असतो आणि तरी समोरच्या निशाणावर लागतो. १९३० च्या दशकात अमेरिकेत क्लेरन्स हिकमन या भौतिकशास्त्रज्ञाने अतिवेगवान चित्रीकरण करून हे वाकणं दाखवलं. इंग्रजीत याला धनुर्धराचा विरोधाभास अशा अर्थाचं नाव आहे.

म्हणजे सगळी मेख वळसा नेमका पडण्यात आहे. बाण जास्त ताठ असेल तर तो वाकतच नाही, धनुष्याला घासतो आणि उजव्या हाताने दोरी ओढणाऱ्याचा बाण डावीकडे जातो. जास्त लवचीक असेल तर गरजेपेक्षा जास्त वाकतो आणि उजवीकडे जातो. डावखुऱ्यांनी हे उलट वाचायचं. बाणाच्या या ताठपणाला सगळे "स्पाइन" म्हणतात, आणि माझा तो ५०० म्हणजे स्पाइनचा आकडा होता.

आकड्याचा अर्थ फार साधा आहे. बाण अठ्ठावीस इंच अंतरावरच्या दोन टेकूंवर आडवा ठेवायचा, मध्यभागी १.९४ पौंड, म्हणजे ८८० ग्रॅम वजन टांगायचं आणि तो किती खाली वाकला ते इंचाच्या हजाराव्या भागात मोजायचं. अर्धा इंच वाकला तर ५००. एक इंच वाकला तर १०००. म्हणजे आकडा जितका मोठा तितका बाण लवचीक. इथेच बहुतेकांची गल्लत होते, कारण आपल्याला मोठा आकडा म्हणजे दणकट अशी सवय. त्यात लाकडी बाणांची जुनी पद्धत उलटी आहे. तिथे टेकू सव्वीस इंचांवर, वजन दोन पौंड, आणि सव्वीसला वाकण्याच्या इंचांनी भागून जो आकडा येतो तो पौंडात लिहितात. तिथे मोठा आकडा म्हणजे ताठ. दोन पद्धती, दोन दिशा. आमच्या धंद्यात तारखा लिहिताना महिना आधी की दिवस आधी यावरून जे होतं, तेच.

मी घरी येऊन हे करून बघितलं. ओट्याच्या शेजारी दोन खुर्च्या, त्यांच्या पाठींमधे बरोबर एकाहत्तर सेंटिमीटर. एका पाण्याच्या बाटलीत आईच्या स्वयंपाकाच्या काट्यावर मोजून दोऱ्यासकट ८८० ग्रॅम होईल इतकं पाणी. मागे पट्टी उभी. बाण साडेबारा मिलिमीटर वाकला. लेबल खरं बोलत होतं. वाचणाराच अडाणी होता.

मग प्रश्न उरला की तिला किती हवा. धनुष्याच्या वरच्या-खालच्या दोन पात्यांना लिम्ब म्हणतात, आणि त्यांच्यावर ताणाचा आकडा छापलेला असतो. मी ओरडून विचारलं, "लिम्ब किती पौंडांची आहेत?" ती आतून म्हणाली, "चोवीस." आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "चोवीस पौंड लिंबं कशाला आणलीत, लोणचं कोण घालणार?"

तर चोवीस पौंड. पण हा आकडा दोरी अठ्ठावीस इंच ओढली तर मिळणारा. चौदा वर्षांची मुलगी अठ्ठावीस इंच ओढत नाही. अंदाज काढायचा असेल तर दोन्ही हात आडवे पसरून एका मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्यापर्यंत मोजा आणि अडीचने भागा. तिचे आले चौसष्ट इंच, म्हणजे ओढ साधारण साडेपंचवीस. एक इंच कमी ओढलं की अशा धनुष्यावर सुमारे दोन पौंड ताण कमी होतो. अडीच इंचांचे पाच पौंड गेले, उरले एकोणीस. खात्री म्हणून विमानप्रवासाला बॅग तोलायचा हुकाचा काटा दोरीला अडकवून तिच्या खुणेपर्यंत हळूच ओढला. आठ किलो सहाशे ग्रॅम, म्हणजे एकोणीसच. (हे करताना दोरी मोकळी सोडायची नाही, तशीच हळू परत न्यायची. बाण न लावता ताणलेली दोरी सोडली तर धनुष्य तुटू शकतं आणि तुकडा तोंडावर येतो.)

एकोणीस पौंडांच्या धनुष्याला मी पाचशेचे बाण दिले होते. ते साधारण चाळीस पौंड ओढणाऱ्या मोठ्या माणसाचे. पोरगी सहा महिने लोखंडी सळ्या फेकत होती आणि आम्ही सगळे तिच्या बोटांकडे बघत होतो.

मी तिला हे सांगितलं तेव्हा तिने एवढंच विचारलं, "म्हणजे मी झटकत नव्हते?" मी म्हटलं, नव्हतीस. ती उठून आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. ताईने माझ्याकडे जे पाहिलं ते इथे लिहीत नाही.

बाण बदलले ते कार्बनचे नाहीत, ॲल्युमिनियमचे घेतले. शिकाऱ्यांसाठी नव्हे, शिकणाऱ्यांसाठी ते उत्तम. स्वस्त पडतात, वाकले की दिसतं, आणि त्यांच्यावरचा आकडा प्रामाणिक असतो. १६१६ लिहिलं असेल तर पहिले दोन अंक म्हणजे व्यास, इंचाचे सोळा चौसष्टांश. पुढचे दोन म्हणजे नळीची जाडी, इंचाचे सोळा हजारांश. हा १६१६ वाकतो एक इंचाहून थोडा जास्त, म्हणजे स्पाइन हजाराच्या जरा वर. तिच्या ताणाला जवळपास बसणारा.

जवळपास म्हणतो, कारण छापील स्पाइन ही अर्धीच गोष्ट. तीच दांडी लांब ठेवली तर जास्त वाकते, कापली तर ताठ होते. पुढे जड टोक बसवलं की लवचीक वागते, हलकं बसवलं की ताठ. बाण कंपन्यांचे तक्ते असतात, एका बाजूला ताण, दुसऱ्या बाजूला बाणाची लांबी, त्यातून सुरुवातीचा आकडा मिळतो. त्यात लिम्बवर छापलेला ताण घालू नका, मुलाचा खरा ओढलेला ताण घाला. तक्ता चूक नसतो, आपण त्याला चुकीचं विचारतो. आणि लांबी ठरवताना कधीही कंजुषी नको. पूर्ण ओढल्यावर बाणाचं टोक टेकूच्या पुढेच राहायला हवं. आखूड बाण मागे येऊन टेकूवरून खाली पडला आणि त्याच वेळी दोरी सुटली तर तो धनुष्य धरलेल्या हातात शिरू शकतो. वाढत्या मुलांना तर दोन-अडीच इंच जादाच ठेवावेत. कापता येतं, जोडता येत नाही.

शेवटचा निकाल मैदानावर लागतो. त्याची रीत अशी, आठातल्या दोन बाणांची पिसं काढून टाकायची. पिसं शेपटीसारखी असतात, ती वाऱ्यात बाणाला ओढून सरळ करतात आणि आपल्या चुका झाकतात. बिनपिसांचा बाण काहीच झाकत नाही. आधी आठ-दहा मीटरवरून, मग अठरा मीटरवरून पिसांचे तीन आणि बिनपिसांचे दोन सारखाच नेम धरून सोडायचे. बिनपिसांचे डावीकडे गेले तर बाण ताठ, उजवीकडे गेले तर लवचीक. एका फेरीवरून काही ठरवायचं नाही, चार-पाच फेऱ्या करायच्या, कारण बोट खरोखर झटकलं तरीही बाण डावीकडे जाऊ शकतो. सरांचं म्हणणं अगदीच हवेतलं नव्हतं. फरक असा की बोट कधी झटकतं कधी नाही, आणि चुकीचा बाण दर वेळी चुकीचाच असतो.

आमचे बिनपिसांचे दोन बाण वीतभर उजवीकडे गेले. म्हणजे आता थोडे जास्त लवचीक. दोन्ही अर्धा-अर्धा इंच कापले. पुन्हा सोडले, चार बोटं उजवीकडे. तिथे थांबलो. बारीकसारीक फरक धनुष्याच्या बाजूच्या स्प्रिंगच्या बटणाने काढता येतो, आणि बाकीचे सहाही तेवढेच कापून आणले. सगळ्यात आधी "टक्" गेला. पिन हळूहळू मधे आली. डोळे मिटायची सवय मात्र अजून गेलेली नाही. ती बाणाने लागली होती, पण बाण बदलून जात नाही. सर आता तिला आठवड्यातून दोन दिवस अगदी जवळून, नुसत्या कोऱ्या गवताच्या पेंढीवर, निशाण न लावता सोडायला लावतात.

या सगळ्यात मला राहून राहून वालपूर आठवत होतं. होळीच्या आधी अलीराजपूरकडचा भगोरिया बघायला आम्ही काही वर्षांपूर्वी गेलो होतो, तुमच्यातलेही कितीतरी जण गेले असतील. तिथे एक भिल्ल बाबा बांबूचं धनुष्य घेऊन बसले होते. दोरीसुद्धा बांबूच्या सालीची. शेजारी बोरूच्या काड्यांची जुडी. ते एकेक काडी दोन हातांत धरून जराशी वाकवायचे, सोडायचे, आणि ती एका ढिगात किंवा दुसऱ्या ढिगात टाकायचे. मी विचारलं, ये क्या देख रहे हो? ते म्हणाले, "कमान के लायक है कि नहीं." तेव्हा मला वाटलं, काडी मोडकी आहे का ते बघत असतील. अनेक भिल्ल धनुर्धर एकलव्याची आठवण म्हणून अंगठा न लावता दोरी ओढतात असं सांगतात. ऑलिंपिकमधलेही तीन बोटांनीच ओढतात, अंगठा बाजूला. द्रोणाचार्यांना हे कळलं असतं तर त्यांनी दुसरं काही मागितलं असतं.

ज्यांची मुलं आपल्या देशी पद्धतीच्या, म्हणजे इंडियन राउंडच्या बांबूच्या धनुष्यावर तीस आणि पन्नास मीटर खेळतात, त्यांच्यासाठी एक खास सूचना. लाकडी आणि बांबूच्या बाणांत एकाच जुडीतले दोन बाणही सारखे वाकत नाहीत. बाटली टांगून एकेक मोजा, बाणावर पेन्सिलीने आकडा लिहा आणि जवळजवळचे सहा निवडून स्पर्धेला ठेवा. उरलेले सरावाला. नेम न बदलताही बाण एकत्र पडायला लागतील. आणि कंपाउंडवाल्यांचे बाण बघून आपले घेऊ नका. त्यांचा ताण साठ पौंडांपर्यंत जाऊ शकतो आणि खटक्यामुळे दोरी बाजूला सरकतच नाही, म्हणून त्यांचा हिशेब वेगळा. "ओजसदादासारखे बाण" मागणाऱ्या लेकराला हे समजावणं अवघड आहे, मला माहीत आहे. कंपाउंडला लवचीक बाण लावणं तर धोक्याचं, तो सुटतानाच तुटू शकतो. कार्बनचा बाण कुठे आपटला असेल तर लावण्याआधी हलका वाकवा. चर्र असा आवाज आला तर कचऱ्यात. जोडून, टेप लावून नाही.

दिवाळीनंतर भाचीचे लिम्ब बदलायचे आहेत, अठ्ठावीस पौंडांचे. आणि उंचीही वाढली आहे, म्हणजे ओढही वाढली असणार. पुन्हा हात पसरून मोजायचे, पुन्हा काटा अडकवायचा. हे आठ बाण तेव्हा लवचीक पडतील. ताईने विचारलं, मग दर वर्षी नवे बाण का? मी म्हटलं, दर वर्षी नवे बूट घेतेस ना. ती म्हणाली, बूट तू आणत नाहीस म्हणून बरे बसतात.

बाटली अजून आमच्या ओट्याखाली आहे, वर "पिऊ नये, ८८० ग्रॅम" अशी आईच्या अक्षरातली चिठ्ठी. कोणाला मुलांचे बाण तपासायचे असतील तर रविवारी सकाळी दहानंतर या, आधी फोन करून. बाण एकोणतीस इंचांहून आखूड असतील तर खुर्च्यांवर टेकत नाहीत, मग नुसते पोहे खाऊन जावं लागेल.